वर हवा, खाली पाणी

हुडकेश्वर, नागपूर
१४ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षा,

आशीर्वाद आधीच लिहून मोकळा होतो, कारण पुढे थोडं भांडण आहे.

तुझं पाकीट प्रज्वलच्या हातून मिळालं. आत परवानगीचा कागद आणि वर तुझी चिठ्ठी: 'मोठे बाबा, वाचून सही करा. काही विचारायचं असेल तर लिहून विचारा, फोनवर नको.' फोनवर काहून नको, ते मला कळतं. तू नुसतं 'हॅलो' म्हटलंस तरी मी सांगतो की तू जेवली आहेस की नाही. तुझ्या बापाला, माझ्या धाकट्या भावालाही लहानपणापासून माझ्या कानाची हीच भीती. उभा जन्म कूलरच्या मोटारी कानानं तपासण्यात गेला, माणसं कोणती मोठी गोष्ट.

बरं, लिहूनच विचारतो.

तुझ्या मोठ्या आईचं ऑपरेशन झालं त्याला दोन वर्षं झाली. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला. जिनं कधी तंबाखू हातात घेतली नाही, तिला फुफ्फुसाचा कॅन्सर. तेव्हा तू हैदराबादहून आली होतीस आणि काढलेल्या भागाची चांगली असलेली कड तुमच्या प्रयोगशाळेसाठी मागितली होतीस. ती पलंगावरून म्हणाली, "घेऊन जाय वं. मले काय लोणचं घालाचं हाये त्याचं?" आणि सही केली. मी तिथंच होतो, पण पंख्याच्या पात्यांचा माल वाटेत अडकला होता म्हणून फोनवर ओरडत होतो. मला वाटलं, शाळेत बेडूक ठेवायचे तसं काचेच्या बरणीत औषधात बुडवून ठेवत असतील.

आता तिला जाऊन महिना झाला. तेरवी झाली, मांडव निघाला, आलेले पाहुणे गेले. आणि तुझ्या कागदावर लिहिलंय, 'दात्याच्या जिवंत पेशी'. मी पुन्हा पुन्हा वाचलं. प्रज्वलला विचारलं, जिवंत म्हणजे काय रे? तर म्हणतो, "बाबा, मी मौद्याच्या वीज केंद्रात टर्बाइन पाहतो. पेशी नाही पाहत."

दोन गोष्टी सांग. तिचं काही खरंच जिवंत आहे काय? आणि तुम्ही त्याचं काय करणार? या दोन सोडून हवापाण्याचं काही लिहू नको.

मोठे बाबा

•

हैदराबाद
२३ फेब्रुवारी २०२५

मोठे बाबा,

नमस्कार. हवापाण्याचं लिहू नको म्हणालात, पण उत्तरच हवा आणि पाणी आहे, त्याला मी काय करू?

हो, जिवंत आहे. आत्ता झोपलेलं म्हणा. त्या तुकड्यातल्या पेशी आम्ही वेगळ्या करून लहान नळ्यांत गोठवून ठेवल्या आहेत. ऊब आणि पोषण दिलं की त्या पुन्हा वाढतात. नखाएवढा एक जाळीदार पडदा असतो, त्यावर त्या पसरायच्या. पडद्याच्या खाली पोषक पाणी आणि वरची बाजू उघडी, हवेला. महिनाभर असं ठेवलं की पेशींना जणू आठवतं, आपण श्वासनलिका होतो. ओलसर चिकटा सुटतो आणि वर अगदी बारीक केस उगवतात. ते केस एका लयीत हलत राहतात आणि श्वासातून आलेली धूळ घशाकडे ढकलतात. आपल्या सगळ्यांच्या छातीत हे चाललेलं असतं, तुम्ही हे वाचत असतानाही.

दुसरा प्रश्न. घरात, कारखान्यात माणसं जी रसायनं हुंगतात, त्यांचा श्वासनलिकेवर काय परिणाम होतो ते आम्ही बघणार आहोत. हे काम पूर्वी उंदरांवर व्हायचं. पण उंदराचं नाक वेगळं, फुफ्फुस वेगळं, त्यामुळे उत्तरं फसवी यायची. म्हणून माणसाची श्वासनलिका. आमच्याकडे बहुतेक पेशी परदेशातून येतात. आपल्याकडची, कधीही धूम्रपान न केलेली बाई आमच्याकडे एकच आहे, मोठी आई.

तिनं दिलेली परवानगी त्या वेळच्या अभ्यासापुरती होती. या नव्या कामासाठी तिला पुन्हा विचारायला हवं होतं. ती नाही, म्हणून तुमची सही. आमच्या संस्थेच्या समितीनं दहा मेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर सही आली नाही तर नळ्या नियमानुसार नष्ट होतील. घाई करत नाही, फक्त तारीख सांगते.

पेशी तग धरतात की नाही हे तपासायला एक नळी उघडायची मुभा आहे. ती उद्या उघडते.

हर्षा

•

हुडकेश्वर
४ मार्च २०२५

चि. हर्षा,

खाली पाणी, वर हवा. अवं, हा तर कूलर आहे! वाळ्याची ताटी खालून ओली, वरून हवा, आणि मधल्या ओल्या जागेत सगळी करामत. तुम्ही लोक एवढं शिकून शेवटी माझ्याच धंद्यात आलात. हे वाचून मी तेरवीनंतर पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. सूनबाई स्वयंपाकघरातून पाहायला आली.

पण एक अडचण उभी राहिली आहे. उमरेडहून धोंडब्याचा फोन आला होता. आपल्या भावकीत असलं सगळं तोच पाहतो. म्हणाला, "भैयाजी, यंदा अक्षय तृतीयेले वहिनीची घागर भराची हाये. कुंभाराले आताच सांगून ठेवतो, मानाची पाहिजे." तू लहानपणीच शिकायला बाहेर गेलीस, म्हणून सांगतो. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्याची घागर भरायची, वर आंबा ठेवायचा. घागर भरली की तो माणूस पितरांत बसला. मग तो घरातला राहिला नाही.

मी म्हटलं, धोंडब्या, थांब. हैदराबादहून पत्र येऊ दे.

तो म्हणतो, "हैद्राबादले काहून इचारतं गा? आपले पितर काय निजामाकडं हायेत?"

आता त्याला काय सांगू? जिच्या पेशी जाग्या होऊन श्वासनलिका व्हायला निघाल्या, तिची घागर भरायची की नाही, हे कुणाला विचारायचं असतं? भटजीला विचारलं तर तो आधी पेशी म्हणजे काय ते विचारेल.

तू लिहिलंस, केस लयीत हलतात. लय आहे म्हणजे आवाज असणार. दिसतं ते तू पाहा. मला ऐकव.

मोठे बाबा

•

हैदराबाद
१३ मार्च २०२५

मोठे बाबा,

आवाज नसतो. केस पातळ ओलाव्यात हलतात, ते कानाला ऐकू येत नाही. पण आमच्या सूक्ष्मदर्शकावर फार जलद कॅमेरा आहे, तो ती हालचाल मोजतो. ते मोजमाप मी संगणकावर आवाजात बदललं आणि प्रज्वलच्या फोनवर पाठवलं आहे. श्वासनलिकेच्या केसांची लय अशी असते.

नळी उघडली. पेशी जगल्या.

आज कामाची गर्दी आहे, जास्त लिहीत नाही. तुमची सूनबाई, आमची वहिनी म्हणत होती, तुम्ही ताटावरून अर्धपोटी उठता. जेवत जा.

हर्षा

•

हुडकेश्वर
२४ मार्च २०२५

चि. हर्षा,

आवाज पोचला. तिचाच.

प्रज्वलनं फोन माझ्या हातात दिला आणि मी त्याला खोलीबाहेर काढलं. आधी नुसती फरफर वाटली, कबुतर पंख झटकतं तशी. मग कान सरावला. लग्न होऊन उमरेडच्या घरी आली तेव्हा तुझी मोठी आई सुताच्या कांड्या भरायला बसायची. मागावर मी, बाजूला चरख्यावर ती. तिचा चरखा सरळ एका चालीनं कधी चाललाच नाही. धावायचा, अडखळायचा, पुन्हा धावायचा, कारण बाईसाहेबांचं तोंड चालू. बोलणं रंगात आलं की हात मंद. माझा बाप ओरडायचा, "सूनबाई, धाग्याकडं पाह्य." तू पाठवलेल्या आवाजात तेच आहे. धावतं, अडखळतं, धावतं. पुढे मी माग सोडला, मोटारी बांधायला शिकलो, नागपूरला सदरमध्ये दुकान टाकलं, कूलरचा कारखाना काढला. ती चाल कानातून गेली नाही. हजार मोटारींत मी माझी मोटर ओळखतो. बायको ओळखणार नाही?

रोज संध्याकाळी ऐकतो. धोंडब्याला कळवून टाकलं, घागर नाही. जिची लय चालू आहे तिला पितरांत कसं बसवू?

आता तुझ्या कागदाचं. शेजारी कृष्णकांत सर राहतात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्याकडून कागदाचा इंग्रजी भाग समजून घेतला. एका शब्दाशी ते थांबले आणि चष्मा पुसायला लागले. समोरचा चष्मा पुसायला लागला की ओळखावं, ऐकवायला चांगलं काही नाही. म्हणाले, "भैयाजी, प्रत्येक पेशीच्या आत एक धागा असतो. आपण कसं घडायचं ते सगळं त्या धाग्यात. कॅन्सर करणारी बरीचशी रसायनं तो धागा तोडतात. हे लोक वहिनींच्या पेशींवर रसायन सोडतील आणि धागा किती तुटला ते मोजतील."

'परिणाम बघणार' म्हणजे हे होतं तर. जिनं एकदा भोगलं तिच्यावरच पुन्हा. हर्षा, तू कोष्ट्याची पोर. धागा तुटला की आपल्या घरात सगळे हात थांबायचे. जोडल्याशिवाय कुणी जेवायला उठायचं नाही. आणि तू तोडून मोजणार?

मी सही करणार नाही. नळ्या फेकायच्याही नाहीत. तिला तशीच ठेव, खाली पाणी, वर हवा. तिकडे वीज जात असेल तर इथून बॅटरीसकट इन्व्हर्टर पाठवतो, प्रज्वल येऊन बसवून देईल.

रागावलो नाही. लागलं मनाला.

मोठे बाबा

•

नागपूर
५ एप्रिल २०२५

हर्षाताई,

मेसेजच करणार होतो. पण माझा फोन आता बाबांजवळच राहते, मेसेज तेच वाचतात. म्हणून कागदावर लिहून राहिलो.

उन्हाळा लागला. सीझनमध्ये बाबा घरी असे कधी दिसत नव्हते, हे तुले माहीत आहे. सकाळी कारखाना, मग सदर, डबा पण दुकानात. यंदा ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात, कानात वायर. परवा कारखान्यातून बळीराम मिस्त्री आला. नव्या लॉटची मोटर खांद्यावर घेऊन आला. म्हणे, "भैयाजी, एकडाव कान लावा. मले हिचा आवाज बरोबर नाही वाटून राहिला." बाबांनी वायर काढली नाही. म्हणाले, "तूच पाह्य." बळीराम मोटर घेऊन तसाच उभा. त्याचे डोळे भरून आले ताई, एवढा पहिलवान माणूस.

धोंडबाकाका पण येऊन भांडून गेले. म्हणे, "मेलेल्या माणसाले घरात अडवून ठेवतं काय गा?" बाबा म्हणाले, "मेली कुठं?" मले वाटलं चिडवून राहिले. मग जेवायला बसलो तर बायकोले म्हणतात, "तुझ्या सासूले वाढ आधी." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं वाढलं. ते ताट तसंच राहिलं.

मी पण तो आवाज ऐकला. मले कूलरचा पंप चालू असल्यासारखा वाटला. माझा कान बाबांसारखा नाही. पण तू आवाज पाठवला त्या दिवशीचं तुझं पत्र मी पाहिलं. एवढं लहान पत्र तू कधी लिहीत नाही. काही असंन तर मले नको सांगू. त्यांना सांग.

प्रज्वल

•

हैदराबाद
१२ एप्रिल २०२५

मोठे बाबा,

हे पत्र प्रज्वल घरी असताना वाचा.

तो आवाज मोठ्या आईचा नाही.

तुम्ही मागितलात तेव्हा तिच्या पेशी पडद्यावर पसरून जेमतेम आठवडा झाला होता. केस उगवायला महिना लागतो. 'थांबा' असं लिहायला हवं होतं. पण तुमचं ते कूलरचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं होतं, की पुन्हा तुम्हाला नाही म्हणवेना. वाटलं, एकदा ऐकतील आणि ठेवून देतील. म्हणून आमच्याकडे तयार असलेल्या दुसऱ्या दात्याच्या पेशींचा आवाज पाठवला. पत्रात 'श्वासनलिकेची लय' लिहिलं, 'मोठ्या आईची' लिहिलं नाही, आणि आपण खोटं लिहिलं नाही अशी स्वतःची समजूत घातली. मग तुमचं चरख्याचं पत्र आलं. ते मी पुरतं वाचूही शकले नाही.

तो दाता पुरुष होता, एकेचाळीस वर्षांचा. रस्त्यावरच्या अपघातात गेला. घरच्यांनी अवयव दान केले. फुफ्फुसं कुणाला बसवण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून ती आमच्याकडे आली. नाव आम्हाला सांगत नाहीत. कुठला, कोण, मलाही ठाऊक नाही.

आता दुसरं खरं. कृष्णकांत सर बरोबर बोलले. आम्ही रसायनाची वाफ वरून सोडतो, जशी माणसाला लागते तशी. मग पेशी सुट्या करून एका मऊ जेलीत बसवतो आणि विजेचा हलका प्रवाह देतो. धागा अखंड असला तर पेशी गोल ठिपक्यासारखी चमकते. तुटला असला तर तुकडे एका बाजूला ओढले जातात आणि ठिपक्याला शेपटी फुटते, धूमकेतूसारखी. शेपटी जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त. त्या पेशी त्यातच संपतात. हे पहिल्या पत्रात लिहिलं असतं तर तुम्ही सही केली नसती, या भीतीनं मी 'परिणाम' लिहिलं.

आणि जिवंतच का लागतात, तेही सांगते. काही रसायनं मुळात निरुपद्रवी असतात. श्वासनलिका त्यांना धुऊन बाहेर काढायला जाते आणि त्या धडपडीत स्वतःच त्यांचं विष करून बसते. हे मेलेल्या तुकड्यात दिसत नाही. आणि प्रत्येकाची श्वासनलिका ही धडपड वेगळी करते, म्हणून एका माणसावर भागत नाही.

मोठ्या आईला कशानं झालं, ते यातून कळणार नाही. तसं आमिष मी तुम्हाला दाखवणार नाही. उद्या कुणाच्या घरात काय जाऊ नये, एवढंच कळेल.

तिला नुसती ठेवली तरी ती राहत नाही. काही महिन्यांनी पडदा थकतो, केस थांबतात. त्याला इन्व्हर्टर चालत नाही, मोठे बाबा.

चार दिवसांपूर्वी तिच्या पेशींचे केस हलायला लागले. मी पाहिलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. तो आवाज काढून ठेवला आहे, पाठवला नाही. मागितलात तर पाठवीन. या वेळी तिचाच असेल, पण विश्वास ठेवा असं कोणत्या तोंडानं म्हणू?

हर्षा

•

हुडकेश्वर
१ मे २०२५

चि. हर्षा,

उत्तराला उशीर झाला. सुरुवातीला लिहिण्यासारखं डोक्यात काहीच नव्हतं. एक शिवी होती, ती तुझ्या बापाला फोन करून देऊन टाकली. तो म्हणाला, "दादा, मले काहून?" म्हटलं, पोरगी तुझी.

मग हसू आलं. महिनाभर रोज संध्याकाळी एका परक्या गड्याला मी बायको समजून कानाशी धरून बसलो होतो. तुझ्या मोठ्या आईला हे कळलं असतं तर तिनं साऱ्या हुडकेश्वरात सांगितलं असतं. "लय कानाचे पक्के म्हणवून घेतात अन् गड्याले बाई समजतात!" मी एकटाच हसत होतो. आणि हसता हसता ध्यानात आलं की हे जिला सांगायचं, ती नाही. तेरवीला नाही, स्मशानात नाही, मला ते त्या खुर्चीत कळलं.

त्या संध्याकाळी सूनबाई तुझ्या मोठ्या आईचं ताट वाढायला लागली. मी म्हटलं, राहू दे बेटा.

एक मात्र खरं सांगतो. तू लिहिल्यावर तो आवाज मी पुन्हा ऐकला. वाटलं, आता परका वाटेल. नाही वाटला. तोच चरखा. मग प्रश्न पडला, मी ओळखलं ते काय? त्या गड्याचीही बायको कुठं तरी असेल. तिलाही वाटत असेल की आपल्या माणसाची चाल आपण कुठंही ओळखू. तिच्या माणसाची लय हैदराबादला चालू आहे आणि नागपुरात एक म्हातारा ती ऐकून दोन घास जेवला, हे त्या बाईला कुणी सांगणार नाही. तिनं दिलं तेव्हा ते कुणाला जाईल, असं विचारलं नसेल. मी मात्र हिशेबानं बसलो होतो, आमचीच ठेवा, आमचीच जपा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. बळीरामचा नव्या लॉटवरचा संशय गेला नव्हता, त्यानं त्यातली एक मोटर बाकावर लावून चालू ठेवली होती. आमची पद्धत तुला माहीत नसेल. प्रत्येक लॉटमधली एक मोटर आम्ही जळेपर्यंत चालवतो. पाणी नाही, थांबा नाही. कुठं तापते, वास कधी सुटतो, धूर कधी निघतो, ते पाहायचं. ती गेली की बाकीच्या लोकांच्या घरी पाठवायच्या की नाही ते ठरतं. आजवर कितीतरी जाळल्या. एकीचंही मला वाईट वाटलं नाही, कारण मोटर माझी बायको नव्हती.

वास सुटायला लागला तसा बळीराम म्हणाला, "भैयाजी, बंद करू काय?" इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. माझं तोंड पाहून विचारलं असेल. मी म्हटलं, "चालू दे गा. लेकराबाळाच्या खाटेजवळ लागते हे." ती जळेपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो. लॉट परत पाठवला.

घरी येऊन सही केली. कागद सोबत आहे. प्रज्वलनंही साक्षीदाराच्या जागी केली आहे.

तिचा आवाज पाठवू नको. ऐकला तर मी हा कागद फाडीन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

सोबत एक हिरवी बाटली आहे. वाळ्याच्या वासाचं पाणी, प्रत्येक कूलरबरोबर आम्ही फुकट देतो. टाकीत चार थेंब टाकले की खोलीभर वास. आमच्या घरच्या कूलरमध्येही हीच. आत काय आहे ते बनवणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "सुगंध आहे, भैयाजी." याच्या पुढे त्याला काही सांगता येईना. तुमच्या तपासणीच्या रांगेत या बाटलीला जागा असेल तर लाव. उत्तर येईपर्यंत मी बाटली देणं बंद केलंय. गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणतं म्हातारपणी भैयाजी कंजूस झाले. जे निघेल ते मला सरळ लिही. 'परिणाम' लिहू नको. शेपटी किती लांब, ते लिही.

आणि तुझं. तू आवाजाचं खोटं केलंस ते मायेनं केलंस, कागदाचं केलंस ते भीतीनं. मायेचं मी केव्हाच सोडून दिलं. भीतीचं पुन्हा करू नको. तुझ्या कामात ते शोभत नाही.

काल अक्षय तृतीया झाली. धोंडबा रागातच आला, पण आला. अंगणात पाट मांडला होता. तुझ्या मोठ्या आईची घागर मी भरली. पाणी पाटावर सांडलं, तेव्हा प्रज्वलनं खालून घागर धरली. तिचं नाव घेतलं. मग दुसरी घागर भरायला घेतली, तशी धोंडब्यानं मान वर केली.

"भैयाजी, हे कोणाची?"

"एका गड्याची."

"भावकीतला हाये काय?"

"नाही."

"मंग नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"बिननावाचं पाणी कसं ठेवतं गा?"

मी म्हटलं, "नाव नाही, वळख हाये. महिनाभर आपल्या घरात होता. रस्त्यावर अपघातात गेला. एवढंच ठाऊक हाये."

मला वाटलं, धोंडबा उठून जातो. त्यानं पिशवीत हात घातला. आंबा एकच आणला होता, तो तुझ्या मोठ्या आईच्या घागरीवर ठेवून झाला होता. मग सूनबाईला हाक मारली, "बेटा, घरात आंबा असंन तर आण वं एक," आणि मला म्हणाला, "भर लवकर. उन्हात गेला बिचारा, तहानला असंन."

मोठे बाबा